दुनळीचा अंगरखा

पावसाळ्यात आमच्या घरी कमाई नसायची, कारण पावसाळ्यात पॉलिश पांढरं पडतं.

हे असं सांगून कुणाला कळणार नाही, म्हणून फोड करतो. माझे बाबा लाकडाला चपड्याचं पॉलिश करायचे. चपडा म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. ते स्पिरिटमध्ये विरघळवायचे, जुन्या कापडाच्या बोळ्यात भरायचे आणि तो बोळा लाकडावर फिरवत राहायचं, शंभर वेळा, दोनशे वेळा, लाकडात आपला चेहरा दिसेपर्यंत. पण हवेत ओल असली की त्या पॉलिशच्या पोटात धुरकट पांढरेपणा बसतो. नवं कोरं कपाट आजाऱ्यासारखं दिसायला लागतं. म्हणून जून ते सप्टेंबर म्हसळ्यातला एकही फर्निचरवाला बाबांना बोलवत नसे. आई लोकांचे परकर-झबली शिवायची, त्यावर चार महिने निघायचे. पेज, सुकट आणि पुन्हा पेज. बाबा एका फळकुटाला पॉलिशचा एक हात मारून ते ओट्यावर ठेवायचे आणि दर तासाला उचलून उजेडात धरायचे. पांढरं पडलेलं दिसलं की आत घेऊन यायचे. आम्ही भावंडं त्यांच्या तोंडाकडे बघायचो आणि आज काम नाही हे समजून घ्यायचो.

मी घरातला पहिला ग्रॅज्युएट. बी.एस्सी., केमिस्ट्री. मार्कशीट घेऊन घरी आलो तेव्हा बाबांनी ती हातात घेतली नाही. "डाग लागंल," म्हणाले. त्यांची बोटं चपड्यानं कायमची तपकिरी झालेली. आईनं धरली आणि त्यांनी लांबून बघितली. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघितली.

कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी तीनही वर्षं 'फर्निचर' लिहिलं होतं. 'पॉलिशवाला' लिहायची लाज वाटायची. हे इथं कबूल करतो, कारण पुढं जे घडलं त्याचं मूळ तिथंच आहे.

शारजात आलो तो एका पेंटच्या कारखान्यात, लॅबमध्ये. तिथून गेली चौदा वर्षं शिकारीचं सामान विकणाऱ्या एका दुकानाच्या वर्कशॉपमध्ये आहे. घर अजमानला. इकडं बंदूक म्हणजे बापजाद्यांची वस्तू. लग्नात मिळालेली, आजोबांकडून आलेली. परवान्यावर असते आणि कपाटात पोराबाळांपेक्षा जपून ठेवलेली असते. दुकानाचा परवाना आणि गिऱ्हाइकाचा परवाना दोन्ही तपासल्याशिवाय ती माझ्या टेबलावर येत नाही. आल्यावर माझं काम एवढंच, की तिचं लाकूड आणि लोखंड जसं आलं तसं परत जायला हवं, जमलं तर थोडं बरं होऊन.

या कामात सगळ्यात जास्त झोप उडवणारी गोष्ट म्हणजे बंदुकीला कॅमोफ्लाज करणं. बदकाची किंवा हंसाची शिकार पाणथळीत, बोरूच्या झाडीत बसून करतात. पाखराची नजर भारी तेज. नळीवर एकदा ऊन चमकलं की अख्खा थवा वळतो. म्हणून बंदूक गवता-मातीच्या रंगाची दिसायला हवी. पण त्याच बंदुकीच्या नळीला मुद्दाम चढवलेला निळा-काळा रंग असतो आणि अक्रोडाच्या दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाला, हातानं केलेलं पॉलिश असतं. ते गेलं तर बंदुकीची अर्धी किंमत गेली, आणि वडिलोपार्जित असेल तर किंमत बोलायचीच सोय नाही.

लोक काय काय करून येतात! एक तरुण गिऱ्हाईक थेट स्प्रेचा डबा मारून आला होता. हिरवा, तपकिरी, वर झाडाची पानं धरून मारलेले ठसे. शिकार झाली आणि म्हणाला, "अभी साफ करो. कल वालिद सफर से आएगा." मी म्हटलं, बाप येण्याआधी तूच सफरीला जा. दुसऱ्यानं गाडीला लावतात ती नक्षीची फिल्म चिकटवली होती, कारण त्याला बंदूक गाडीला मॅचिंग हवी होती. ऐन उन्हाळ्यात ती गाडीत राहिली. फिल्म सोलली तर डिंक दस्त्यावर आणि दस्त्याचं पॉलिश फिल्मवर, अशी अदलाबदल झालेली.

तेव्हा माझे नियम ठरलेले. रंग लावायचा नाही. डिंक, चिकटपट्टी लावायची नाही. आधी बंदूक रिकामी आहे ना हे दोनदा बघायचं. मग लोखंडाला तेलाचा हलका हात, लाकडाला मेणाचा. त्यावर मऊ सुती कापडाचं अस्तर, आणि वर मातकट रंगाची ताणली जाणारी पट्टी, जी फक्त स्वतःलाच चिकटते, खालच्या वस्तूला नाही. दवाखान्यात मुरगळलेल्या पायाला बांधतात तशी. चाप, खटका, नळ्या उघडायची जागा आणि नळीवरची नेम धरायची पट्टी उघडी ठेवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं: रोज संध्याकाळी सगळं सोडून पुसायचं, हवा लागू द्यायची. कापडाखाली घाम आणि खारट ओल अडकली तर निळ्या नळीवर दोन दिवसांत गंज धरतो. आणि हे सगळं करण्याआधी दस्त्याच्या मागच्या टोकाची प्लेट काढून, तिच्याखालच्या लपलेल्या लाकडावर एक दिवस टेस्ट. पहिल्या बारा वर्षांत या पद्धतीनं एकही बंदूक बिघडली नव्हती. मला त्याचा गर्व होता. होता म्हणजे होताच.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात अबू सैफ आले. साठीच्या पुढचे, पांढऱ्या दाढीचे, दुकानाचे जुने गिऱ्हाईक. इथल्या बऱ्याच जुन्या लोकांसारखे हिंदी बोलतात, आपल्या पद्धतीनं. पेटीतून त्यांनी एक दुनळी काढली. विलायती, हातानं घडवलेली, दोन नळ्या शेजारी शेजारी. दस्ता मधासारखा.

"मुहंदिस," ते म्हणाले. मी इंजिनियर नाही हे त्यांना दहा वेळा सांगून झालं होतं. "ये मेरा वालिद का है. वो इससे शिकार करता था, मैं पीछे पानी लेके चलता था. अभी कझाकिस्तान जाएगा, बतख के लिए. आखिरी बार शायद. इसको छुपाना है. लेकिन..." त्यांनी दस्त्याच्या वरच्या बाजूला, जिथं नेम धरताना गाल टेकतो तिथं तळवा ठेवला. "इदर कुछ नहीं होना मांगता."

"कुछ नहीं होगा," मी म्हणालो. इन्शाल्ला म्हणायलासुद्धा विसरलो.

प्लेट काढली, खालच्या लाकडावर टेस्ट केली. तिथं तेलाचं फिनिश होतं, जुन्या विलायती बंदुकांना असतं तसं, लाकडात मुरलेलं. चोवीस तास पट्टी बांधून ठेवली, काही झालं नाही. मग निर्धास्त होऊन अख्ख्या बंदुकीला अंगरखा चढवला. अस्तर माझ्या बायकोनं, नसीमनं, घरी मशीनवर शिवलं होतं. सोमवारी अबू सैफ बंदूक घेऊन गेले. शिकारीवर रोज संध्याकाळी पट्टी सोडायची, हे मी त्यांना सांगितलं. विमान गुरुवारचं. तोवर बंदूक त्यांच्या शेतावरच्या घरी राहणार होती.

मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा आता थकलेत, काम सोडलंय. मी कधी कधी त्यांना चांगल्या बंदुकांचे फोटो दाखवतो. खरं सांगायचं तर शायनिंग मारतो. त्या दिवशी अंगरखा घालण्याआधीचे या दुनळीचे फोटो दाखवले.

"चपडा चांगला मारलाय," बाबा म्हणाले.

"चपडा नाही बाबा. हे तेलाचं फिनिश. विलायती आहे."

"बंदूक विलायती असंल. पॉलिश आपल्याकडचं हाय. तो चाप बघ, त्याच्या मागं कोपरा हाय ना? तिथं जरा जाड झालंय. बोळा तिथं वळत नाय, माल साचतो. माझापण साचायचा."

मी फोटो मोठा केला. कोपऱ्यात केसाएवढी जाड, पिवळसर कड होती. मला ती दिसली होती. मी ती जुना मळ समजलो होतो.

"पण मी टेस्ट केली बाबा. मागची प्लेट काढून, खाली."

बाबा हसले. "अरे येड्या, पॉलिशवाला प्लेट कशाला काढतोय? गिऱ्हाईक जिथं बघतो तिथं पॉलिश. तू बघितलंस ते जुनं लाकूड. वर कुणीतरी नंतर हात मारलाय." मग त्यांचं हसू गेलं. "कपडा बांधलास काय त्याच्यावर?"

"हो."

"घट्ट?"

"हो."

"आणि तिकडं हवा कशी हाय?"

सप्टेंबरातली शारजाची हवा ज्यांनी अंगावर घेतली आहे त्यांना सांगायला नको. एसीतून बाहेर पडलं की चष्मा पांढरा होतो. तेल लाकडात मुरतं, त्याला उष्णतेचं काही नसतं. चपडा लाकडाच्या वर बसतो. गरम हवेत तो मऊ पडतो, ओल लागली की पांढरा होतो. मऊ पडलेला असताना त्यावर कापड आवळलं असेल तर कापडाची वीण त्यात उमटते, ओल्या सिमेंटवर गोणपाट उमटावं तशी. हे मला केमिस्ट्रीनं शिकवायला नको होतं. हे मी पाच वर्षांचा असल्यापासून ओट्यावर बघत आलो होतो. माझी टेस्ट चुकीच्या जागी होती, आणि शिवाय बावीस डिग्रीच्या एसीत होती.

आमचे मॅनेजर वर्गीससाहेब केरळचे. त्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पक्का है?"

"पक्का नहीं. मेरे फादर बोले."

"फादर ने फोटो देखा, बंदूक नहीं देखा. सलीम, तुम चुप बैठो. वो खुश होके गया है. अभी फोन करके उसका नींद खराब करेगा, और मेरा भी. हुआ तो हुआ, नहीं हुआ तो खलास."

आणि मी चूप बसलो. बुधवार पूर्ण चूप बसलो. फोन तीनदा हातात घेतला. एक फोन केला असता, "पट्टी सोडून ठेवा" एवढंच म्हटलं असतं, तर काम झालं असतं. पण मग "क्यों?" असं विचारलं असतं. नोकरी, व्हिसा, मुलीची शाळा, सगळं एका ओळीत डोळ्यांपुढं उभं राहिलं. गुरुवारी सकाळी धीर करून नंबर लावला. बंद होता. विमान आठचं होतं आणि आता दहा वाजले होते.

पुढचे अकरा दिवस मी काय केलं ते सांगतो. अक्रोडाच्या लाकडाचे दोन तुकडे घेतले, वर्कशॉपमध्ये पडून असलेला तयार चपडा मारला, तीच पट्टी त्याच ताणानं बांधली. एक वर्कशॉपच्या एसीत ठेवला. दुसरा अजमानला आमच्या बाल्कनीत, सावलीत. तीन दिवसांनी सोडले. एसीतला स्वच्छ. बाल्कनीतल्यावर सगळी वीण उमटलेली, धागा न् धागा मोजावा अशी, आणि कडेला पांढरेपणा. तो तुकडा मी उजेडात धरून बघत राहिलो. मुलगी म्हणाली, "अब्बू, इट्स जस्ट अ पीस ऑफ वुड." नसीम म्हणाली, "आता अगदी म्हसळ्याच्या बाबांसारखे दिसताय तुम्ही." तिनं बाबांना त्या ओट्यावर कधी पाहिलं नव्हतं. मीच सांगितलेलं.

मी रोज एका गोष्टीला धरून होतो: अबू सैफना रोज संध्याकाळी पट्टी सोडायला सांगितलं आहे. सोडत असतील. हवा लागत असेल. तिकडं थंडी आहे.

बाराव्या दिवशी ते आले. चेहरा उन्हानं रापलेला, हसू मावत नव्हतं. "मुहंदिस! बतख ने हमको देखा ही नहीं! माशाल्ला, क्या काम किया!" पेटी टेबलावर ठेवली. बंदूक अंगरख्यातच होती.

"रोज शाम को खोलते थे ना?" मी विचारलं.

"खोलने का क्या जरूरत? इतना अच्छा बैठा था."

मागं वर्गीससाहेब उभे होते. मला वाटलं, म्हणावं, ठेवून जा, उद्या देतो. मग मागच्या मागं काहीतरी करता येईल. जीभ तशी वळलीही होती. पण तो बुधवार पुन्हा काढायची माझ्यात ताकद नव्हती.

"अबू सैफ, खोलने से पहले एक बात बोलना है," मी म्हणालो. आणि सगळं बोललो. टेस्ट चुकीच्या जागी केली हे. चपडा ओळखला नाही हे. मंगळवारी कळलं हेसुद्धा.

त्यांचं हसू हळूहळू गेलं. "खोलो," एवढंच म्हणाले.

मी पट्टी सोडायला लागलो. सावकाश, एकेक वेढा. नळ्या निघाल्या, तेलाच्या हातानं वाचलेल्या, निळ्याशार, स्वच्छ. मग दस्ता. मुठीच्या जागी पांढरट ढग. आणि वर, जिथं गाल टेकतो तिथं, तळहाताएवढ्या जागेत नसीमच्या अस्तराची पूर्ण जाळी.

त्यांनी अंगठ्याचं नख जाळीवरून फिरवलं. बारीक खरखर आवाज आला.

"मंगल को मालूम हुआ. फोन क्यों नहीं किया?"

"एक दिन डर गया. फिर आपका फोन बंद."

"एक दिन," ते म्हणाले. दस्ता उलटा करून दुसरी बाजू बघितली. "तुम पहले बोला, बाद में खोला. उल्टा करता तो मैं ये लेके जाता और इस दुकान का दरवाजा नहीं देखता." मग त्यांनीच सांगितलं, की त्यांच्या वडिलांचं मुंबईला येणं-जाणं होतं. एका फेरीत दस्ता आपटला, तिथंच कुणाकडून तरी पुन्हा पॉलिश करून घेतला. लहानपणापासून त्यांना हे ठाऊक होतं.

आणि मी विचारलंच नव्हतं. प्लेट काढली, थर्मामीटर लावला, नोंदवहीत टेस्टचा निकाल लिहिला, पण 'याला आधी कुणी हात लावलाय का' हा एक प्रश्न बंदुकीच्या मालकाला विचारला नव्हता. बाबा कपाट बघायला जायचे तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य तेच असायचं.

"ठीक कर सकता है?" अबू सैफनी विचारलं.

"मैं अकेला नहीं. मेरे वालिद बताएंगे तो कर सकता हूँ."

"वालिद क्या करता है?"

"पॉलिशवाले हैं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "ठीक है. वालिद का चीज है, वालिद से पूछो. नहीं होगा तो बोलो, नहीं होगा. छुपाना नहीं."

दस्त्याच्या तोलाचा चपडा शारजाच्या रोल्ला भागात एका जुन्या हार्डवेअरच्या दुकानात मिळाला. बाबांनी कॅमेऱ्यातून तीन वेळा नापास करून चौथा पसंत केला, तो पापुद्रा उजेडासमोर धरायला लावून. बोळ्यासाठी माझी जुनी बनियन. "नवा कपडा धागं सोडतो. अजून धू. अजून धू." आधी बाल्कनीतल्या तुकड्यावर सराव. तीन दिवस नुसता सराव, आणि फोन टेबलावर उभा करून म्हसळ्याहून बाबांचा आवाज.

"दाबू नको. दाबतोयस. बोळा थांबला की चिकटला. थांबायचं नाय. आठ काढ, आठ."

मी आठ काढला.

"ह्यो कुठला आठ? आपला नाय. इंग्रजी आठ! बंद असतो तो. कालेजात गेलास ना?"

शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसानं मला आकडा शिकवला आणि आमचे वर्गीससाहेब इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

चौथ्या दिवशी खऱ्या दस्त्याला हात लावला. एसी पूर्ण, हवेतली ओल काढणारं मशीन चालू, दार बंद. बोळ्याला थेंबभर गोडेतेल, चपडा नावाला, स्पिरिट जास्त. हेतू असा, की नवं चढवायचं नाही. वरचा जुनाच थर किंचित सैल करून त्याला पुन्हा सपाट बसवायचा. एक चक्कर जास्त झाली तर थर निघून जाणार आणि मुंबईच्या त्या अनोळखी कारागिराचं काम माझ्या बनियनवर येणार. दर दहा मिनिटांनी थांबून दस्ता खिडकीच्या उजेडात धरायचा. त्या दिवशी ढग गेला. पाचव्या दिवशी जाळी अर्धी झाली. सहाव्या दिवशी मी म्हणालो, बाबा, गेली.

"तिरकी धर."

तिरकी धरली. अजून होती. सकाळच्या धुक्यातून कुंपण दिसावं एवढी.

"आज नको. सुकू दे. माणूस घाईत असंल तर लाकडाला कळतं."

सातव्या दिवशी तिरकी धरली, आडवी धरली, अंगठ्याचं नख फिरवलं. आवाज आला नाही. फोन दस्त्यावर धरला. बाबांनी चष्मा पुसला, स्क्रीन डोळ्यांजवळ नेली, आणि बराच वेळ बघितली. मार्कशीट बघितली होती तशीच.

"चालंल," म्हणाले. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी मी कधी कुणाला मिळालेली ऐकलेली नाही.

अबू सैफ आठव्या दिवशी आले. नख फिरवलं, गाल टेकवला, डोळे मिटले. मग माझ्या फोनकडे बोट केलं. "वालिद को बोलो." मी कॉल लावला. दोघांनी एकमेकांना सलाम केला. मग अबू सैफनी दस्ता कॅमेऱ्यासमोर तिरका धरला, आणि फोन कुणी ठेवेना.

आता आमच्या वर्कशॉपमध्ये टेस्ट तीन जागी होते, एक प्लेटखाली आणि दोन उघड्यावर, त्यातही चापामागचा कोपरा आधी. एक दिवस एसीत, एक दिवस बाहेरच्या हवेत. आणि फॉर्मवर पहिला प्रश्न आहे: याआधी या लाकडाला कुणी हात लावला आहे का? तो प्रश्न मी लिहिला. चपडा असलेल्या दस्त्याला आम्ही पट्टी बांधतच नाही, सैल शिवलेला अभ्रा घालतो. तो नसीम शिवते.

गेल्या वर्षी मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर आजोबांच्या व्यवसायाचा रकाना होता. मी तिथं 'पॉलिशवाला' लिहिलं.

ती दुनळी त्यानंतर दोनदा शिकारीला गेली आणि दोनदा परत आली. दस्त्यावर खूण नाही.